सतरा गुणांची शिल्लक

१८ नोव्हेंबर २०२२. त्या सकाळी मी गुणतक्त्याची तीन पानं तयार करून ठेवली होती: अमेरिका जिंकली तर, पोर्तुगाल जिंकलं तर, आणि बरोबरी झाली तर. तिसरं पान लागेल असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं. रग्बीत ट्रायचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवण्याचे पाच, त्यानंतरच्या कन्व्हर्जनच्या किकचे दोन, समोरच्यांच्या चुकीवर मिळणाऱ्या पेनल्टीच्या किकचे तीन. अशा हिशेबात ऐंशी मिनिटांनंतर दोन्ही आकडे सारखे येणं क्वचितच घडतं. तरी पान बनवलं. गुणफलकाचं काम करणाऱ्याने शक्यता सोडायची नसते, हे मी कराडकडच्या कबड्डी स्पर्धांमध्ये गुणलेखक म्हणून बसायचो तेव्हापासून पाळत आलोय.

दुबईत आल्यावर मी एका कंत्राटदाराकडे लागलो. मैदानांवरचे डिजिटल फलक लावायचे, चालवायचे, हे आमचं काम. दुबई–अल ऐन रस्त्यावरचं द सेव्हन्स स्टेडियम आमच्या ओळखीचं होतं. २००९ च्या रग्बी सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीच्या विश्वचषकासाठी ते उभं राहिलं आणि दरवर्षी दुबई सेव्हन्सची मोठी स्पर्धा तिथेच भरते. पण त्या नोव्हेंबरात तिथे पंधरा-पंधरा खेळाडूंचं रग्बी होतं, आणि पणाला लागली होती २०२३ च्या फ्रान्समधल्या विश्वचषकाची शेवटची, विसावी जागा. अमेरिका, पोर्तुगाल, केनिया आणि हाँगकाँग असे चार संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं आणि वर राहील त्या एकानेच जायचं.

पोर्तुगाल तिथे कसं पोहोचलं, हे मला स्पर्धेच्या आधी कागदपत्रं वाचताना कळलं. युरोपच्या पात्रता फेरीत स्पेन त्यांच्या पुढे होतं. पण स्पेनने नेदरलँड्सविरुद्धच्या दोन सामन्यांत मूळचा दक्षिण आफ्रिकेचा एक खेळाडू खेळवला आणि त्याच्या स्पेनमधल्या वास्तव्याची अट पूर्ण झालेली नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये स्पेनचे दहा गुण कापले गेले. रुमानिया थेट विश्वचषकात गेलं आणि त्यांच्या मागे असलेल्या पोर्तुगालला दुबईचं दार उघडलं. मैदानाबाहेर मिळालेल्या या संधीचं या मुलांनी मैदानात काय केलं, ते मी फलकामागे बसून पाहिलं. म्हणूनच हे लिहितोय.

हा देश म्हणजे फुटबॉलचा. तिथल्या रग्बी संघाला 'लांडगे' म्हणतात, पण क्रिस्तियानो रोनाल्दोच्या देशात या लांडग्यांकडे लक्ष कोणाचं असणार? याआधी ते विश्वचषकात एकदाच खेळले होते, २००७ साली. चारही सामने हरले. न्यूझीलंडने तर १०८-१३ असं हरवलं. तो जवळपास पूर्ण हौशी खेळाडूंचा संघ होता. त्यांनी राष्ट्रगीत गाताना ढाळलेले अश्रू रग्बीवाल्यांना आजही आठवतात. दुबईत आलेल्या संघात फ्रान्सच्या क्लबांमधून खेळणारे व्यावसायिक होते आणि मायदेशी नोकरी, शिक्षण सांभाळून सराव करणारेही. कर्णधार तोमास अपल्टन हा दंतवैद्य. प्रशिक्षक पात्रीस लाजिस्के, फ्रान्सकडून खेळलेला एकेकाळचा वेगवान विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू.

६ नोव्हेंबरला पोर्तुगालने हाँगकाँगला ४२-१४ असं हरवलं, अमेरिकेने केनियाला ६८-१४. मग १२ तारखेला पोर्तुगाल आणि केनिया समोरासमोर आले. तो सामना मी कधी विसरणार नाही. आमच्याकडे कबड्डीत तीस गुणांची आघाडी झाली की चढाईपटू मध्यरेषेजवळ वेळ काढत राहतो, त्यात कोणाला गैर वाटत नाही. पोर्तुगालची मुलं पन्नासवर थांबली नाहीत, सत्तरवर थांबली नाहीत. ट्राय झाला की चेंडू उचलून धावतच मध्यावर. किक मारणाराही तितक्याच गंभीरपणे उभा, जणू सामना बरोबरीत आहे. फलकावर ८५-० असा आकडा मी त्या दिवशी पहिल्यांदाच चढवला. केनियाच्या मुलांसाठी वाईट वाटत होतं. ती शेवटपर्यंत अडवायला जात होती, हेही सांगायला हवं. त्याच दिवशी अमेरिकेने हाँगकाँगला ४९-७ असं हरवलं.

आता हिशेब असा. जिंकलं की तक्त्यात चार गुण, चार किंवा जास्त ट्राय केले की एक बोनस. दोन्ही संघांचे दोन-दोन विजय, बोनससह दहा-दहा गुण. गुणफरकात, म्हणजे सामन्यांत केलेल्या गुणांतून दिलेले गुण वजा केले तर, मात्र पोर्तुगाल अधिक ११३ आणि अमेरिका अधिक ९६. सतरा गुणांची शिल्लक. शेवटचा सामना बरोबरीत सुटला तर दोघांना दोन-दोन गुण मिळणार आणि ही शिल्लक कामी येणार.

माझ्या हाताखाली रत्नागिरीचा एक पोरगा होता, नवीनच आलेला. त्याने विचारलं, "दादा, केनियाविरुद्ध ते पासष्टवर थांबले असते तर?"

"तर त्यांचा फरक त्र्याण्णव झाला असता. बरोबरीत अमेरिका गेली असती."

त्यावर तो काही बोलला नाही, तिसरं पान उघडून त्यातले आकडे पुन्हा तपासायला लागला.

अमेरिकेवरही दडपण होतं. १९९५ नंतर त्यांचा एकही विश्वचषक चुकला नव्हता. जुलैमध्ये चिलीविरुद्धच्या दोन सामन्यांच्या बेरजेत ते ५२-५१ असे हरले होते, एका गुणाने. दुबई ही त्यांची अखेरची संधी. त्यामुळे सामना मोकळा झालाच नाही. दोन्हीकडून टक्कर, स्क्रममध्ये, म्हणजे खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी ढकलताना, रेटारेटी, आणि गुण तीन-तीनने सरकणारे. ८५-० वाल्या मुलांना आता एकेक मीटर कष्टाने मिळत होता. शेवटाकडे फलकावर अमेरिका १६, पोर्तुगाल १३.

घड्याळ संपत आलं. रग्बीत ऐंशी मिनिटं झाली म्हणून खेळ थांबत नाही, चेंडू मृत व्हावा लागतो. आणि पेनल्टी मिळाली असेल तर वेळ संपल्यावरही ती मारता येते. अगदी शेवटी पंचांचा हात पोर्तुगालच्या बाजूने गेला. पेनल्टी! आमच्या हेडफोनवर तीन-चार भाषांत एकदम बोलणं सुरू झालं. मी पहिलं पान पडद्यासाठी लावून ठेवलेलं होतं, ते काढलं आणि तिसरं लावलं.

किक मारायला आला साम्युएल मार्क्स, स्क्रम-हाफ, म्हणजे स्क्रममधून चेंडू बाहेर काढणारा. रग्बीच्या मानाने लहान चणीचा माणूस. दोन सहाय्यक पंच गोलखांबांखाली जाऊन उभे राहिले. चेंडू खांबांमधून आडव्या दांड्यावरून गेला तर ते दोघे झेंडे वर करतात, आणि आमच्या कामाचा नियम असा की झेंडे दिसेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. प्रेक्षक काहीही ओरडोत. म्हणून मी मार्क्सकडे पाहिलंच नाही. त्याच्या बुटाचा आवाज तिथवर येणं शक्य नव्हतं, चेंडू हवेत असताना तो कुठे आहे हेही मला माहीत नव्हतं. मी फक्त त्या दोन माणसांच्या कोपरांकडे पाहत होतो. दोन्ही कोपर एकदम हलले.

१६-१६.

मग शिट्टी झाली. पोर्तुगालची राखीव मुलं, डॉक्टर, पाण्याच्या बाटल्या नेणारे, सगळे मैदानात. पण स्टँडमध्ये क्षणभर गोंधळ होता. बरोबरी झाली, मग नाचतायत का? आमच्या रांगेच्या मागे बसलेलं एक कुटुंब एकमेकांना तेच विचारत होतं. तेव्हा रत्नागिरीच्या पोराने पान पडद्यावर टाकलं: दोघांचे बारा गुण, पोर्तुगाल अधिक ११३, अमेरिका अधिक ९६. पान वाचून झालं आणि जयघोष दुसऱ्यांदा उठला, पहिल्यापेक्षा मोठा. अमेरिकेचे खेळाडू जिथे होते तिथेच बसले होते. हा सामना ते हरले नव्हते. चिलीविरुद्ध एका गुणाने, इथे गुणफरकाने. मला त्या माणसांबद्दल आजही हळहळ वाटते.

पुढच्या वर्षी आम्ही दोघांनी पोर्तुगालचे सामने शक्य तितके पाहिले. वेल्स आणि ऑस्ट्रेलियाकडून ते हरले, पण जॉर्जियाशी १८-१८ अशी बरोबरी केली. ८ ऑक्टोबर २०२३ ला तुलूझमध्ये फिजीसमोर शेवटचा सामना. ऑस्ट्रेलियाला हरवून आलेला फिजी. अखेरच्या मिनिटांत फिजी २३-१७ ने पुढे असताना रोद्रिगो मार्ताने कोपऱ्यात ट्राय केला आणि कन्व्हर्जनला पुन्हा तोच मार्क्स. २४-२३. विश्वचषकातला पोर्तुगालचा पहिला विजय.

पोराला एकच कोडं पडलं होतं, की हरूनही फिजी उपांत्यपूर्व फेरीत कसं गेलं. मी वर्तमानपत्राच्या समासात मांडून दाखवलं: सात किंवा कमी गुणांनी हरलं तर एक बोनस, म्हणून फिजी अकरा. ऑस्ट्रेलियाही अकरा, पण त्यांच्यातला सामना फिजीने २२-१५ असा जिंकलेला. आणि पोर्तुगाल सहा, बरोबरीचे दोन आणि विजयाचे चार. गटात चौथे, जॉर्जियाच्या वर.