तोंड बांधूनच चालायचं तर येतोस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुंबईच्या प्राइड मार्चमधे, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा लोकांच्या मोर्चात, ओळख झालेले मित्र दरवर्षी हेच विचारतात, की बडनेऱ्याहून रात्रभर विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरलमधे उभा राहून येतोस आणि इथे तोंडाला दुपट्टा बांधतोस, मग येतोस कशाला?

आधी दुपट्ट्याचं सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात अर्धा जिल्हा डोळे सोडून सगळं बांधूनच टू-व्हीलरवर फिरतो, आणि तरी लोक गाडीच्या आवाजावरून सांगतात, हा अमक्याचा पोट्टा चालला. गावात दुपट्ट्याने काहीच लपत नाही. मुंबईत लपतं, आणि मला तेवढं कॅमेऱ्यापुरतं पुरतं, कारण पारावर बातम्या कोणी बघत नसलं तरी व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ सगळेच बघतात.

पहिल्यांदा गेलो २०१७ ला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तेव्हा लागूच होतं. ग्रँट रोडला उतरून ऑगस्ट क्रांती मैदानापर्यंत चालत गेलो आणि गेटसमोर तीन चहा प्यायलो, आत जायची हिंमतच होईना. मग ते इंद्रधनुष्याच्या रंगाचं लांबच लांब कापड बाहेर आलं (सहाच रंग असतात, मोजले मी) आणि एक ताई म्हणाली, धर ना रे, हात मोकळेच आहेत तुझे. धरलं. अवकाळी आला की कापसाच्या गंजीवर ताडपत्री टाकताना आम्ही धरतो अगदी तसंच, ताणून, वाऱ्याने उडू नये म्हणून, आणि ढोलाच्या मागे चालत सुटलो. वाटेत कोणीच विचारलं नाही की कोणाचा पोरगा, शेती किती, लग्न कधी. मी त्यासाठी येतो.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध गुन्ह्यातून काढले तेव्हा मी पाठीवर पंप घेऊन कपाशीत फवारत होतो. फोनवर फोन, आता तरी काढ तो दुपट्टा! हो हो म्हटलं. पण निकाल दिल्लीत लागला, सातबारा अजून बाबांच्याच नावावर आहे.

नागपूरलाही मार्च निघतो, तो जवळ पडतो, पण नागपुरात प्रत्येक चौकात माझा एक मावसभाऊ राहतो.

आणि वेळेचं म्हणाल तर बरंच आहे. जगात बऱ्याच ठिकाणी प्राइड जूनमधे करतात, १९६९ च्या जूनमधे न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या समलिंगी लोकांच्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलटले त्याची आठवण म्हणून. मुंबईचा निघतो जानेवारी-फेब्रुवारीकडे. जूनमधे असता तर पेरणी सोडून मी काही आलो नसतो. फेब्रुवारीत तूर निघालेली असते, घरी मित्राचं लग्न आहे सांगतो. माय म्हणते, तुह्या दोस्तायचे किती लग्न होतेत रे, तुह्यं कवा?

मागच्या वेळी आलो तर दुपट्टा तिने धुवायला घेतला आणि उन्हात धरून बघत बसली. कोणीतरी गर्दीत उधळलेली टिकल्यांसारखी चमचम त्याला चिकटली होती, दोनदा साबण लावूनही निघेना.

"हे काय लागलं रे?"

"लग्नात लागलं."

"नवरीची साडी भारी असंन मंग," म्हणाली, आणि तसाच वाळत टाकला.