घुमणाऱ्या खोल्या आणि आमचा गाळा

आमचा मूळ धंदा फर्निचरचा. पुण्यातल्या धायरीच्या गाळ्यात वडिलांनी कपाटं, दिवाण, किचन ट्रॉल्या केल्या. मीही तेच शिकलो. 2020 च्या टाळेबंदीनंतर मात्र वेगळेच फोन येऊ लागले. कोणी ऑनलाइन गाणं शिकवत होतं, कोणी घरूनच ऑडिओबुक वाचत होतं. तक्रार एकच: महागातला माइक घेतला, तरी आवाज घुमतोच.

पहिलं काम एका तबला शिक्षकांचं. दहा बाय बाराची खोली, छतही दहा फुटांवर. गुळगुळीत प्लास्टर, खाली टाइल्स, एक मोठी काचेची खिडकी. सरांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. टाळीची किणकिण त्यांनी जराशी कमी झाली होती, पण डग्गा कोपऱ्यात दणदणायचा आणि खोलीच्या मध्यावर उभं राहिलं की पातळ लागायचा. दहा फूट अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झची, म्हणजे खालच्या आवाजाची, लाट बरोबर अर्धी मावते. तिचा दाब भिंतींपाशी जोर धरतो आणि मध्यावर विरतो. इथे रुंदीही दहा, उंचीही दहा, म्हणजे दोन दिशांच्या लाटा एकाच जागी येऊन बसलेल्या. ट्रेचा पातळ पुठ्ठा त्यांना काय अडवणार? आम्ही कोपरे जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलने, म्हणजे दगडी लोकरीने, भरले, तेव्हा डग्गा बराच आवरला.

तिथून एक गोष्ट आमच्या कामाचा पाया झाली: जाडीत तडजोड नाही. बाजारात इंचभर जाडीचे नक्षीदार फोम भरपूर मिळतात. ते फक्त वरचे, तीक्ष्ण नाद शोषतात आणि खालचे तसेच सोडतात, त्यामुळे सगळी खोली फोमने मढवली की बोलणं कोंदट लागतं. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम पेटला की भराभर जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. जिथे वायर, अ‍ॅडाप्टर आणि दिवे आहेत, तिथे तो भिंतीवर लावायला मी कुणालाही सांगणार नाही. रॉकवूल दगड वितळवून केलेली लोकर. ती पेटत नाही.

आवाज शोषणारं आमचं पॅनेल दिसायला साधं आहे. पाइनच्या पट्ट्यांची दोन बाय चार फुटांची चौकट, आत घनमीटरला 48 किलो घनतेची, 50 मिलीमीटर जाडीची रॉकवूलची लादी, तंतू बाहेर येऊ नयेत म्हणून तिच्यावर पातळ नॉन-वोव्हन (न विणलेलं कापड), आणि वरून कापड. कापडाची परीक्षा सोपी: तोंडाला लावून फुंकायचं. फुंकर सहज पार गेली तर ते चालतं. मांजरपाट चालतो, सैल विणीची खादी चालते. रेक्झिन किंवा रंगाचा थर दिलेलं कापड नाही. कापड आधी चारी बाजूंच्या मध्यावर ताणून स्टेपल करायचं, मग कोपऱ्यांकडे सरकायचं. उलट केलं तर चुण्या पडतात. लादी कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, नाहीतर अंगाला खाज सुटते.

पॅनेल भिंतीला घट्ट चिकटवायचं नाही, मागे दोनेक इंच मोकळे ठेवायचे. भिंतीला अगदी लागून हवेची हालचाल जवळजवळ थांबलेली असते आणि लोकर काम करते ती हलत्या हवेवर. म्हणून तेवढ्या पोकळीने तेच पॅनेल आणखी खालचे नाद धरतं. आपल्याकडे त्याचा दुसराही उपयोग आहे. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, तिला चिकटलेलं कापड बुरशी धरतं.

ऑर्डर घेण्याआधी आम्ही लोकांना घरातल्या गाद्या आणि गोधड्या त्या खोलीत उभ्या करून रेकॉर्डिंग करायला सांगतो. काहींना हे विचित्र वाटतं, पण या शास्त्राची सुरुवातच अशी झाली. 1895 मध्ये हार्वर्डमधल्या फॉग म्युझियमच्या व्याख्यानगृहात बोललेलं समजत नव्हतं. एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि ऑर्गनचा सूर थांबल्यावर घुमारा किती टिकतो ते मोजलं. खोलीचं आकारमान आणि शोषण यांचं त्यांनी मांडलेलं सूत्र आम्ही आजही वापरतो. गोधड्यांनी फरक पडला, तर पॅनेलने नक्की पडेल आणि नेमकं कुठे लावायचं हेही कळतं.

गाणाऱ्यांच्या खोलीत आम्ही हात आखडता घेतो. वाचनाला कोरडी खोली लागते, पण तंबोऱ्याला थोडा घुमारा हवा. सगळ्या भिंती झाकल्या तर जवारीतले, म्हणजे तारांच्या झंकारातले, वरचे नाद विझतात आणि गाणारा उगाच गळा ताणतो. एका गायिकेच्या घरी निम्मी पॅनेल्स आम्हीच परत घेऊन आलो, आणि तो निर्णय मला आजही पटतो.

एक काम मात्र आम्ही घेत नाही. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आत येऊ नयेत म्हणून पॅनेल मागणाऱ्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद कराव्या लागतात: जड दार, रबरी पट्ट्या, दुहेरी काच. लोकर त्याला पुरत नाही.

ज्यांना स्वतः करायचंय त्यांना आता कापलेली चौकट, लादी, नॉन-वोव्हन आणि स्क्रू असं किट देतो. कापड त्यांनी आपल्या आवडीचं लावायचं. मोजमापं आणि कृती कुणालाही फोनवर सांगतो, किट घ्या किंवा न घ्या. गाळ्याच्या माळ्यावर एक लहान खोली ठेवली आहे, तिच्यातली पॅनेल्स हुकांवरून उतरवता येतात. आपलं वाद्य किंवा माइक घेऊन या, आधी उघड्या भिंतींत वाजवा, मग एकेक पॅनेल लावत ऐका. सोबत आपल्या खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि कोणत्या भिंतीला ओल येते एवढं लिहून आणा.