तुम्ही विचारलंत म्हणून: 'डॉक्टर हू' कुठून बघायला घ्यावं?

'डॉक्टर हू' बघायचंय, पण सुरुवात कुठून करू, असं कोणी ना कोणी मला विचारत असतंच. काळातून भटकणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या माणसाची ही ब्रिटिश मालिका १९६३ साली सुरू झाली हे कळलेलं असतं, त्यामुळे विचारतानाच धसका घेतलेला असतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. २००५ चा पहिला भाग, 'रोझ'.

पहिल्यापासून ओळीने बघण्याचा हट्ट धरू नका. धरलात तरी तडीस जायचा नाही, कारण साठच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या टेप खुद्द बीबीसीनेच पुसून टाकल्या आणि त्यातले बरेच अजून सापडलेले नाहीत. तशी गरजही नाही. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल. त्याला तब्येत साथ देईना, तेव्हा १९६६ मध्ये निर्मात्यांनी शक्कल लढवली: डॉक्टर परग्रहावरचा, मरायला टेकला की त्याचं शरीर पालटतं. चेहरा नवा, स्वभावही नवा. या एका पळवाटेवर मालिका १९८९ पर्यंत चालली.

मग ती बंदच पडली. मधे १९९६ चा एक टीव्ही चित्रपट सोडला तर काही नाही. त्यामुळे २००५ मध्ये लेखक रसेल टी. डेव्हिसने ती पुन्हा उभी केली तेव्हा समोरच्याला यातलं ओ की ठो माहीत नाही असंच धरून लिहिलं. रोझ लंडनमधल्या एका मोठ्या दुकानात काम करणारी मुलगी. तळघरात कपडे मांडायचे पुतळे तिच्या अंगावर चालून येतात, कोणीतरी तिचा हात धरतं आणि पळ म्हणतं. तिला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. पुढे एक प्लास्टिकची कचरापेटी तिच्या मित्राला गिळून चक्क ढेकर देते. इथे बरेच जण टीव्ही बंद करतात. करू नका!

निदान नवव्या भागापर्यंत जा, 'द एम्प्टी चाइल्ड'. स्टीव्हन मॉफटने लिहिलेला. १९४१ चं लंडन, वरून बॉम्ब पडतायत, आणि डॉक्टरच्या निळ्या पोलीस बॉक्सवरचा (हेच त्याचं काळात फिरायचं यान) फोन वाजतो. तो फोन कशालाच जोडलेला नाही. डॉक्टर रिसीव्हर कानाला लावतो, तर पलीकडे एक पोर आईला शोधतंय. त्या पोराच्या तोंडावर गॅस मास्क आहे, म्हणजे आपल्याला आधी तसं वाटतं. तो भाग आणि त्याचा उत्तरार्ध बघूनही मन रमलं नाही, तर मालिका तुमच्यासाठी नाही. खुशाल सोडा.

'ब्लिंक'पासून सुरुवात करा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. २००७ चा तो भाग अफलातून आहे, वादच नाही. पण त्यात डॉक्टर जेमतेम दिसतो! तो बघून मालिकेत आलेला माणूस पुढच्या भागात तेच शोधत बसतो आणि हिरमुसतो.

जुन्यातलं काही हवंच असेल तर १९७९ चं 'सिटी ऑफ डेथ' घ्या. टॉम बेकर डॉक्टर, पॅरिस, मोनालिसाची चोरी, आणि संवादांवर विनोदी लेखक डग्लस अॅडम्सचा हात. चारच भाग, एका संध्याकाळी उरकतात. १९६३ चा अगदी पहिला भागही जरूर बघा, दोन शिक्षक एका विचित्र विद्यार्थिनीच्या मागे भंगाराच्या आवारात शिरतात तो. त्यापुढचे तीन अश्मयुगात विस्तवावरून चाललेल्या भांडणांचे आहेत. ते वगळलेत तरी चालेल.