बिबट्या नव्हता!

आज रानवाटेवर ओल्या मातीत पंजाचा ठसा दिसला आणि मी छाती ठोकून सांगितलं, बिबट्या! सोबतचे काका काहीच बोलले नाहीत. वाकून काडीने बोटांपुढची चार बारीक टोकं दाखवली. नखं उमटलीत, म्हणजे हा कुत्र्याच्या कुळातला. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, आणि त्याच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात. इथे त्यातलं काहीच नव्हतं. कोल्हा असेल, नाहीतर चक्क गावठी कुत्रा!

ऐनाचं झाड मात्र मी ओळखलं बरं का. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची साल, चुकायला वावच नाही. तरी काकांनी पान उलटून देठाजवळच्या दोन बारीक गाठी दाखवल्याच.

ठशाचा फोटो काढलाय, पण शेजारी माप म्हणून काही ठेवायचं राहिलं.