फुलावर नाही, पाल्यावर

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, भोरकडच्या एका गावात बांधावरच्या रानफुलांचा सर्वे चालू होता. माझं काम म्हणजे झाड ओळखायचं, त्याच्या फुलावर किती फुलपाखरं आली ते मोजायचं आणि फॉर्म भरायचा. सगळी सकाळ कुर्डूवर मोजण्यात गेली, मान मोडली नुसती.

दुपारी एका बांधावर ब्लू टायगर, प्लेन टायगर आणि कॉमन क्रो या फुलपाखरांचा मोठा घोळका दिसला. पानाला टोकाशी हलकी खाच, पिवळं फूल, सुकलेली शेंग हलवली की खुळखुळ वाजते, म्हणजे खुळखुळाच, शास्त्रीय नाव क्रोटालारिया रेटुसा. मी लांबूनच ३८ मोजली आणि फुलाच्या रकान्यात टाकून मोकळी झाले.

शेजारी गवत कापणाऱ्या मावशी हसल्या. "फुलावर कुठं बसल्यात गं? म्या काल उपटून टाकलंय ते, सुकल्याल्या पाल्यावर बसल्यात बघ."

जवळ जाऊन बघते तर खरंच की! बांधावरच्या उभ्या झाडांवर फुलं होती, तिकडं एकसुद्धा नाही, सगळी खाली त्या कोमेजलेल्या ढिगाला सोंड लावून बसलेली. पुस्तकात वाचलेलं होतं हो, पण डोळ्यासमोर असताना सुचलं नाही, याची लाज वाटली. खुळखुळ्यात अल्कलॉइड नावाची विषारी रसायनं असतात, पान चिरडलं किंवा सुकलं की या फुलपाखरांना ती शोषता येतात, आणि नर त्यातूनच मादीसाठीचा गंध बनवतात. मग फोटो झूम करून बघितले. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधे नराला चार काळे ठिपके असतात आणि मादीला तीन. जितक्यांचे ठिपके नीट दिसले तितके सगळे चारवाले! ब्लू टायगरच्या नराला मागच्या पंखावर छोटी पिशवी असते, तीही दिसली.

मावशींना म्हटलं, हे सगळे नर आहेत, बायकोसाठी अत्तर न्यायला आलेत. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं तर साबणसुद्धा मीच आणते."

शेळ्यांना मात्र मावशी खुळखुळ्याला तोंड लावू देत नाहीत, म्हणून तर उपटला होता. शेळीला बाधतं हे त्यांना सासूनं सांगितलेलं, अल्कलॉइड वगैरे माहीत असायचं कारणच नाही.

फॉर्ममध्ये सुकलेल्या पाल्याला रकानाच नव्हता. फुलासमोर शून्य केलं आणि समासात बारीक अक्षरात सगळं लिहिलं. चार दिवसांनी ऑफिसातून फोन, "मॅडम, फुलावर शून्य आणि एकूण ३८, बेरीज चुकलीय का?"