ओद्रीजवळ बस बंद पडली तेव्हा

प्राग ते क्राकोव्ह हा आमच्या टूरमधला सगळ्यात कंटाळवाणा दिवस. टूर मॅनेजरला त्याची धास्तीच असते. बघण्यासारखं काही नाही आणि प्रत्येकाला वॉशरूमला वेगळ्या वेळी जायचं असतं. त्यात गेल्या उन्हाळ्यात चेकियाच्या पूर्वेकडच्या मोरावियात, ओद्री या गावाजवळ बसचं कूलंट गळायला लागलं. ड्रायव्हरने गाडी पार्किंगला घेतली, मागचं झाकण उघडून पाहिलं आणि मान हलवली. दुसरी बस ओस्त्रावाहून येणार होती. बॅगा उतरवल्या, चिवड्याची पाकिटं फुटली, पाठोपाठ तक्रारीही सुरू झाल्या.

"या ओद्रीत काही आहे का हो?" तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी पाटीकडे बोट दाखवून विचारलं. मला तेवढंच हवं होतं.

काल प्रागच्या चौकात ज्याच्या पुतळ्यासमोर फोटो काढले, त्या चेक धर्मसुधारक यान हुसला 1415 मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टन्सला जिवंत जाळलं. त्याचे अनुयायी, म्हणजे हुसाइट, पेटून उठले आणि पोपने त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं. त्यांच्या बाजूने लढलेला एक पोलिश सरदार, दोबिएस्वाव पुखावा, पुढे याच ओद्रीत तळ ठोकून होता. 1410 मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत तो पोलंडचा राजा यागिएवोकडून ट्यूटॉनिक सरदारांशी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांशी लढलेला.

'ग्रुनवाल्ड' कानावर पडताच आमचा पोलिश ड्रायव्हर जवळ आला. पुखावा त्याला ठाऊक नव्हता. "पण झाविशा माहीत आहे!" तो म्हणाला. झाविशा म्हणजे पोलंडचा एक नामांकित सरदार; तिकडे स्काउटच्या शब्दावर झाविशाच्या शब्दाइतका भरवसा ठेवा, असं मुलांना शिकवतात. गंमत म्हणजे झाविशाही ग्रुनवाल्डचाच, पण हुसाइट युद्धात तो हुसाइटांविरुद्ध उतरलेल्या राजा सिगिस्मुंडकडून लढला आणि 1422 मध्ये हुसाइटांच्याच हाती सापडला. खंडणी भरून सुटला. एकाच रणांगणावरचे दोघे साथीदार, पुढे समोरासमोरच्या छावण्यांत!

काकांना मात्र हुसाइटांच्या गाड्यांच्या किल्ल्यात रस. हुसाइट लोक लढाऊ गाड्या वर्तुळात उभ्या करून साखळीने जोडत, आतून क्रॉसबो (आडवी धनुष्यं) आणि हातबंदुका चालवत, घोडदळ आदळून दमलं की लोखंडी टोकांचे सोटे घेऊन बाहेर पडत. मी सांगेपर्यंत काकांनी पोरांकडून सगळ्यांच्या ट्रॉली बॅगा गोल लावून घेतल्या होत्या. हँडलमधून पट्टे ओवले आणि बाहेर येण्यासाठी एक फट मुद्दाम ठेवली. एका जोडप्याची मोठी निळी बॅग तोफ झाली.

"मग पुखावा गद्दार होता का?" आठवीतल्या एका मुलीचा प्रश्न. प्रश्न साहजिक होता. 1424 मध्ये यागिएवोने पोलंडमधल्या वियेलून्यला फर्मान काढलं. हुसाइट मत म्हणजे राजद्रोह, बोहेमियात, म्हणजे प्रागच्या मुलखात, असलेल्यांनी परत यावं. त्याच वर्षी राजाचा पुतण्या झिगमुंट कोरीबुत राजाला न जुमानता प्रागला गेला आणि पुखावा त्याच्या बाजूने उभा राहिला. पुढे 1430 मध्ये सायलेशियातलं (आज पोलंडमध्ये असलेलं) क्लुचबोर्क शहर पुखावाच्या हाती आलं. पण 1432 मध्ये याच राजाने ट्यूटॉनिकांविरुद्ध हुसाइटांशीच करार केला आणि पुढच्या वर्षी हुसाइट फौजा पोलिश सैन्याबरोबर पार बाल्टिकपर्यंत गेल्या. आता गद्दार कोण, हे तूच ठरव, मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला पुखावाच जास्त आवडतो, पण तो काही संत नव्हता. सायलेशियातल्या हुसाइट तुकड्या आसपासच्या मुलखाकडून खंडणी उकळून जगत होत्या.

"म्हणजे पगार नाहीच?" घडीच्या खुर्चीवर बसलेल्या काकूंनी विचारलं. "मग झाविशाच बरा."

काकांना ते मुळीच पटलं नाही. नवी बस आली, किल्ला मोडून बॅगा डिकीत गेल्या, तरी दोघांचा वाद पोलंडची हद्द ओलांडेपर्यंत चालला होता. ड्रायव्हर मध्येच "झाविशा!" असं ओरडून काकूंची बाजू घ्यायचा.