तुम्ही विचारलंत म्हणून: दर शुक्रवारी म्हापशाला कशाला?

डिचोलीचा बाजार बुधवारी भरतो. तिथे मिळत नाही असं काय आहे की मी दर शुक्रवारी कापडी पिशवी घेऊन अस्नोड्यावरून म्हापशाला जातो, हे शेजाऱ्यांनी, मेहुण्याने, भजनी मंडळातल्या तिघांनी आणि बसच्या कंडक्टरनेसुद्धा विचारून झालं. मी "मोयऱ्याची केळी" म्हणत आलो. केळी आणतोही. पण जातो ते मिटिंगला. एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मंडळाच्या. घ्या, सांगितलं.

ज्यांना हे आधीच ठाऊक आहे, त्यांचा प्रश्न वेगळा: सोडून चार वर्षं झाली, अजून कशाला? मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला विचारता का असं? हे उत्तर मी मिटिंगमध्येच शिकलो आणि रागाच्या भरात तोंडावर फेकतोही. पण माझं खरं उत्तर ते नाही.

पहिल्यांदा मिटिंग शोधायला निघालो तो मंगळवार होता. पत्ता डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला. ती चिठ्ठी दोन वर्षं पाकिटात, लायसन्सच्या मागे घडी करून ठेवलेली. जागा चर्चच्या हॉलात. तिथे आपल्याला ओळखणारं कोण असणार, हा हिशेबही होताच. सकाळपासून घेतली नव्हती. हात इतके थरथरत होते की चिठ्ठी वाचायला ती भिंतीवर दाबून धरावी लागली. हॉलला कुलूप. समोरच्या तावेर्नातला, म्हणजे दारूच्या गुत्त्यातला, माणूस काउंटर पुसता पुसता म्हणाला, "आयज ना रे. आतां शुक्रारा आसता." वार केव्हाच बदलला होता. चिठ्ठी जुनी, चूक माझी.

त्या कुलपाकडे बघून मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. एप्रिल होता, हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, ताजा होता.

रात्री हिने विचारलं, "कशी झाली?" आणि मी सांगत सुटलो. गोल मांडलेल्या खुर्च्या. कोरा चहा, मारी बिस्किटं. पेडण्याचे एक निवृत्त मास्तर, बोलता बोलता चष्मा काढून पुसत होते. वास येत होता, त्याचंही उत्तर तयार होतं: एकदम सोडायची नसते, डॉक्टरच म्हणाले. ते खरंच म्हणाले होते. रोज भरपूर पिणाऱ्याने आपल्याच मनाने अचानक बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. या खऱ्या गोष्टीची मी तावेर्नात जायला शिडी केली.

असे नऊ मंगळवार. दर मंगळवारी मी मास्तरांची गोष्ट पुढे नेत होतो. एकदा त्यांचा पाय घसरला, मग सावरले. ही मन लावून ऐकायची. एकदा शांतादुर्गेला जाऊन आली आणि म्हणाली, "मास्तरांसाठी नारळ ठेवला." मी हातातला घास खाल्ला. दुसरं काही केलं नाही.

खऱ्या मिटिंगला गेलो तो पुढच्या वर्षी, इस्पितळातून घरी आल्यावर. तिचं फार वर्णन करण्यासारखं नाही. नाव विचारतात, आडनाव नको. फी नाही, हजेरी नाही. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रनला दोन दारुडे एकमेकांशी बोलले, तिथून हे सुरू झालं. आमच्याकडची रीत: एकाने बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. आमच्या घराण्यात हे कधी घडल्याचं मला आठवत नाही. चहा खरोखरच कोरा होता.

वर्ष झालं तेव्हा खुली मिटिंग होती. तिला घरच्यांना येता येतं. ही नवी साडी नेसून आली आणि चहाच्या टेबलापाशी एकाला विचारलं, "पेडण्याचे मास्तर दिसत नाहीत?" तो म्हणाला, "कोण मास्तर?" तिने माझ्याकडे पाहिलं.

परतीच्या बसमध्ये अस्नोड्यापर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तो माणूस नाहीच?"

"नाही."

"मग मी नारळ कोणासाठी ठेवला?"

एएच्या बारा पायऱ्यांतल्या आठवीत आपण दुखावलेल्यांची यादी करायची असते आणि नववीत जमेल तिथे भरपाई. यादीत हिचं नाव पहिलं आहे. भरपाई कशाची आणि किती, ते कळलेलं नाही. मी तेव्हा आजारी होतो, असं स्वतःला सांगून बघितलं. आजारी होतोच. पण मास्तरांचा चष्मा कोणी पुसायला लावला, आजाराने?

तर अजून कशाला? नऊ खोटे मंगळवार फेडतोय म्हणावं, तर तितके शुक्रवार केव्हाच झाले. न गेल्यास पुन्हा पिईन म्हणावं, तर एकदा तापाने तीन शुक्रवार चुकले, प्यायलो नाही. आणि डिचोलीतच चारजण जमवून का बसत नाहीस, म्हणाल, तर त्या चौघांतले दोन भजनी मंडळातले निघतील याची मला आजही भीती वाटते. चार वर्षांनी! हसा.

शुक्रवारी दुपारी ही पिशवी दाराशी आणून ठेवते. परत आलो की केळी चाचपून बघते, पिकली आहेत की कच्ची. मिटिंग कशी झाली, हे विचारत नाही.